काष्ठाचे नित्यकर्म

घराच्या नव्या दाराला किंवा वडिलोपार्जित देव्हाऱ्याला कोणते तेल लावावे, हा प्रश्न सामान्यतः रंगाच्या दुकानात विचारला जातो आणि तेथेच दराच्या व टिकाऊपणाच्या हिशेबाने निकालात काढला जातो. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या दर्शनकारांनी कित्येक शतकांपूर्वी मोठ्या कसोशीने हाताळलेला आहे. एखाद्या वस्तूवर संस्कार करणे म्हणजे तिच्यात नसलेला गुण बाहेरून आणून घालणे, की तिच्यात असलेल्याच पण झाकल्या गेलेल्या गुणावरचे आवरण दूर करणे? ब्रह्मसूत्रांतील चौथ्या सूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी कर्माने साध्य होणाऱ्या गोष्टींची चार प्रकारांत वाटणी केली आहे: काही उत्पन्न करावयाच्या असतात, काही प्राप्त करून घ्यावयाच्या, काहींत विकार घडवावयाचा असतो आणि काहींवर केवळ संस्कार करावयाचा असतो, आणि संस्काराचेही पुन्हा दोनच मार्ग, गुणाचे आधान किंवा दोषाचे अपनयन. मोक्ष यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही, म्हणून तो कर्माचे फळ नव्हे, हे सिद्ध करणे हा आचार्यांचा हेतू. आरसा घासला म्हणजे त्याची चकाकी प्रकट होते, तसे आत्म्याचे का होऊ नये, ही शंकाही ते स्वतःच उपस्थित करतात आणि आत्मा हा कोणत्याही क्रियेचा आश्रय होऊ शकत नाही, असे सांगून तिचे निराकरण करतात. आत्म्यापुरता तो निकाल मला पूर्णपणे मान्य आहे. पण आत्मा बाजूला ठेवला तरी ज्यावर संस्कार करता येतो असे सारे जग शिल्लक राहतेच, आणि त्या जगात ज्याच्या अंगाखांद्यावर आपण जन्मभर वावरतो ते लाकूड आहे. त्याच्या बाबतीत आचार्यांच्या दोन मार्गांपैकी कोणता खरा, याचा विचार मला अनेकदा पडला आहे.

रंधा मारून आणि पॉलिशपेपरने घासून स्वच्छ केलेली जुन्या सागाची फळी उजेडात धरली, तर ती पाहणाऱ्याची काहीशी निराशाच करते. तिचा वर्ण करडा, रेषा पुसट आणि सारा पृष्ठभाग पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. अळशीच्या तेलात बुडवून पिळलेली चिंधी तिच्यावरून एकदा फिरवावी, म्हणजे जेथपर्यंत चिंधी गेली तेथपर्यंत फळी एकाएकी खोल होते: वर्षावर्षाची वलये उमटतात, गाठीजवळून वळसा घालून गेलेल्या काळपट रेषा दिसू लागतात, आणि फांदी फुटण्यापूर्वी झाडाने कोणत्या अंगाला कल घेतला होता तेही वाचता येते. हे सौंदर्य तेलाने दिले काय? साधे पाणी फिरवले तरी ते क्षणभर दिसते आणि वाळताच नाहीसे होते, म्हणजे तेलाच्या अंगचा तो गुण नव्हे. पदार्थविज्ञान याचा उलगडा असा करते की, लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांचा भारा, आणि ते वाळले की त्या नळ्यांत हवा भरते. तंतूंचा वक्रीभवनांक सुमारे १.५३ आणि हवेचा जवळजवळ १. या दोहोंच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश अडखळतो आणि विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढुरका दिसतो. तेलाचा अंक १.४८च्या आसपास, म्हणजे तंतूंच्या इतका जवळचा, की ते नळ्यांत शिरल्यावर प्रकाश निर्वेध आत जातो आणि आतला वर्ण घेऊन परततो.

तेव्हा हे गुणाधान नव्हे, कारण तेलाने नवीन काही आणले नाही. अळशीच्या तेलाची स्वतःची पिवळसर छटा थोडी चढते हे कबूल, पण ती गौण. हे दोषापनयनही नव्हे, कारण काढून टाकली ती हवा, आणि हवा हा लाकडाचा दोष मुळीच नाही. लाकूड सुकल्यामुळेच ती तेथे आली, आणि सुकणे ही लाकडाच्या आयुष्याची पहिली अट आहे. मला वाटते, येथे संस्काराचा एक तिसरा मार्ग दिसतो, आणि तो म्हणजे समानशील वस्तूच्या सहवासाचा. तेल लाकडाला प्रकट करू शकते ते केवळ त्याचा स्वभाव लाकडाच्या स्वभावाशी जुळता असल्यामुळे. परिणामी कोणते तेल निवडावे या प्रश्नाला जे उत्तर द्यावयाचे, ते तेलाच्या गुणांची यादी वाचून देता येत नाही. ज्याच्या सहवासात त्याला ठेवावयाचे त्या लाकडाचे, त्या जागेच्या हवापाण्याचे आणि ज्यांचे हात तेथे लागणार त्या माणसांचे शील पाहूनच ते द्यावे लागते.

तेलांचे स्वभाव एकमेकांपासून फार भिन्न आहेत. रसायनशास्त्रज्ञ शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन सामावून घेते यावरून त्यांची प्रतवारी लावतात: अळशीच्या तेलाचा हा अंक १७०च्या वर जातो, तिळाच्या तेलाचा ११०च्या आसपास असतो, करंज आणि एरंड यांचा ८० ते ९०च्या दरम्यान, आणि खोबरेलाचा अवघा ८ ते १०. या अंकाचा व्यवहारातला अर्थ असा की, तेलाच्या रेणूंत इतरांशी हात मिळविण्यास मोकळ्या जागा किती आहेत. विदर्भात, खानदेशात जवस म्हणून पिकणाऱ्या अळशीच्या तेलात या जागा इतक्या विपुल असतात की, लाकडावर पातळ थर दिला की ते हवेतील प्राणवायू ओढून घेते, रेणू रेणूशी जखडला जातो आणि काही दिवसांत त्या द्रवाचे एक घन, चिवट जाळे बनते. त्याला आपण तेल ‘वाळले’ असे म्हणतो, पण ते पाण्यासारखे उडून जात नाही. उलट वाळलेले तेल वजनाला थोडे जास्तच भरते. या देवघेवीत उष्णता निर्माण होते, आणि म्हणूनच अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या उलगडून उन्हात वाळत घालाव्यात, असे जाणते कारागीर बजावतात. अशा बोळ्याने कोणी काडी न लावता आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत. चीनमधील टुंग वृक्षाच्या बियांचे तेल याच जातीचे, अळशीहून लवकर वाळणारे आणि पाण्याला अधिक दाद न देणारे.

आता हाच प्राणवायू शेंगदाण्याच्या तेलाला भेटतो तेव्हा काय होते? त्याच्याजवळ हात मिळविण्यास जागा थोड्या, त्यामुळे जाळे विणले जात नाही. तेल खवट होते, चिकट होते आणि येणारी जाणारी धूळ धरून ठेवते. हवा तीच आणि प्राणवायूही तोच, परंतु एकाच्या ठिकाणी त्याने देह बांधला आणि दुसऱ्याच्या ठिकाणी दुर्गंध उत्पन्न केला. काळ सर्वांवर सारखाच वाहतो तरी त्याचे फळ ज्याच्या त्याच्या घडणीवर अवलंबून असते, हे अध्यात्मग्रंथांत वाचणे वेगळे आणि फडताळाच्या फळीवर बोट फिरवून अनुभवणे वेगळे. खोबरेल दाराला लावले तर ते वाळत नाही, थंडीत थिजते आणि उन्हाळ्यात कपड्यांना लागते. करंजाचे कडू तेल कीड दूर ठेवते, पण तेही ओलेच राहते, म्हणून हात न पोचणाऱ्या वाशातुळयांपुरते ते बरे. अरबी समुद्रावरच्या गलबतांना पूर्वीपासून माशांच्या यकृताचे तेल चोपडीत आले आहेत, आणि त्याच्या उग्र वासाची तक्रार करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की तेही थोडेफार वाळणारे तेल आहे, आणि किनाऱ्यावर ते सहज मिळते. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवाव्यात, त्यांची डागडुजी आणि तेलपाणी उरकावे आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा समुद्रात लोटाव्यात, ही कोकणची वहिवाट आहे. तिच्यात लाकूड, तेल, ऋतू आणि माणूस या चौघांचा जो मेळ बसला आहे तो कोणत्याही प्रयोगशाळेने बसवून दिलेला नाही.

इतके तेलमाहात्म्य सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे, आणि ती तेलाच्या विरुद्ध जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या सागाच्या कमानी सुमारे दोन हजार वर्षे तेथे आहेत. त्या टिकल्या त्या तेलामुळे नव्हेत. सागाच्या अंगच्या कसामुळे आणि डोक्यावर अखंड पाषाणाचे छप्पर असल्यामुळे टिकल्या. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला पाणी लागते, आणि लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून कमी राहिला तर तिचा शिरकाव होत नाही. कोरड्या जागेतले बिनतेलाचे लाकूड शतकानुशतके राहू शकते, आणि ओलीत उभा केलेला तेल पाजलेला खांब बुडापासून खचतो. तेलाचा थर पाण्याचे थेंब काही काळ बाहेर थोपवितो, पण हवेतील बाष्पाला तो केवळ मंद करतो, अडवू शकत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, या दोन टोकांमधला धसका तेलाने कमी होतो, चिरा कमी पडतात, हाताचा मळ आत मुरत नाही. तेलाकडून एवढेच होते. ज्याने लाकूड अमर व्हावे असे तेल नाही.

अमर करणारे लेप शोधण्याचा ध्यास मात्र मनुष्याला प्राचीन काळापासून आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली आहे: कच्ची टेंभुर्णीची आणि कवठाची फळे, सावरीची फुले, सालईच्या बिया, वेखंड इत्यादी द्रव्ये पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावीत, आणि त्या काढ्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, बेल आणि अळशी यांची जोड द्यावी. अळशी तेथेही आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते. हा लेप गरम असताना प्रासादांना, भिंतींना, लिंगांना आणि प्रतिमांना द्यावा, म्हणजे तो सहस्र अयुत वर्षे, अर्थात एक कोटी वर्षे टिकतो, असे वराहमिहिर सांगतो. एवढी मुदत कोणी मोजून पाहणार नाही हे त्या थोर गणितज्ञाला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? त्या आकड्यात भाकीत कमी आणि इच्छा जास्त आहे: एकदा करावे आणि पुन्हा करावे लागू नये, ही इच्छा.

तीच इच्छा आज पॉलियुरेथेनच्या डब्यावर छापलेली असते. हा लेप लाकडात शिरत नाही, त्याच्यावर काचेसारखा बसतो. दिसायला सुंदर, हाताला गुळगुळीत, आणि घराच्या आत, कोरड्या जागी, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु उन्हापावसातल्या दाराला तो दिला म्हणजे काय होते ते कोकणातल्या कोणत्याही गावी पाहावे. लाकूड त्याच्याखाली फुगायचे आणि आकसायचे थांबत नाही. लेपाला मात्र तितके ताणता येत नाही, म्हणून सांध्यापाशी, खिळ्यापाशी, उंबऱ्याकडच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर पडते. तेथून पाणी आत जाते आणि जेथून आले तेथून बाहेर पडू शकत नाही. वरून दार लखलखीत राहते आणि आतून कुजते, आणि ज्या दिवशी पापुद्रा निघतो त्या दिवशी खालचे लाकूड हाताने कुस्करता येते. अशा दाराची डागडुजी करावयाची तर जुना लेप खरवडून मुळापासून प्रारंभ करावा लागतो. तेल लावलेले दार याच्या उलट आपली अवस्था लपवीत नाही. ते कोरडे पडते, फिकट दिसू लागते, पाण्याचा थेंब त्याच्यावर ठरेनासा होतो, आणि घरच्या माणसाने धूळ पुसून दुसरा हात फिरवला की पूर्ववत होते. वर्षाच्या वर्षाला तेल लावावे लागते ही तेलाची उणीव मानली जाते. माझे मत नेमके उलट आहे: जे पुन्हा लावावे लागते तेच तेल खरे, आणि जे पुन्हा लावावे लागू नये म्हणून लावले जाते ते रक्षण नव्हे, ती जबाबदारीतून घेतलेली फारकत आहे.

या मताला आधार द्यावयाचा तर मीमांसकांकडे गेले पाहिजे. त्यांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे विभाग केले. काम्य कर्म फळासाठी, म्हणून फळ नको असेल तर ते सोडता येते. नैमित्तिक कर्म काही घडले म्हणजे करावयाचे. आणि नित्य कर्म, संध्या अथवा अग्निहोत्र, हे रोजचे, यावज्जीव करावयाचे. नित्यकर्माचे फळ काय, यावर कुमारिल आणि प्रभाकर यांच्या अनुयायांत मोठा वाद झाला. एका पक्षाने म्हटले की, ते न केल्याने लागणारा प्रत्यवाय टळतो हेच त्याचे प्रयोजन; दुसऱ्याने म्हटले की, विधी आहे म्हणून करावयाचे, प्रयोजनाचा प्रश्नच अप्रस्तुत. या वादात मी मध्यस्थी करणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते दोन्ही पक्षांना मान्य असलेले एक सत्य: नित्यकर्माने जगात काही नवे साठत नाही. आजच्या संध्येने उद्याची संध्या माफ होत नाही. लाकडाचे तेल हे या अर्थाने अस्सल नित्यकर्म आहे. ते केल्याने दार कालच्याहून चांगले होत नाही, कालच्यासारखे राहते. ते न केल्याने मात्र दोष लागतो, आणि तो डोळ्यांनी दिसतो.

नित्य आणि नैमित्तिक यांचा लाकडाच्याच संदर्भात अत्यंत गंभीर मेळ घातलेला मी जाणतो तो ओडिशात, पुरीच्या जगन्नाथ मंदिरात. तेथील देवमूर्ती पाषाणाच्या अथवा धातूच्या नाहीत, कडुनिंबाच्या लाकडाच्या आहेत. ज्येष्ठ पौर्णिमेला त्यांना १०८ घागरींनी स्नान घालतात, आणि लाकडी देहावर इतके पाणी पडल्यावर जे व्हायचे ते होते असे समजूनच की काय, देव आजारी पडले असे मानून पंधरवडाभर दर्शन बंद ठेवतात. या अणसर नावाच्या काळात दैतापती, जे स्वतःला शबर प्रमुख विश्वावसूचे वंशज मानतात, देवांची शुश्रूषा करतात. त्या शुश्रूषेत फुलुरी तेल लागते. तिळाच्या शुद्ध तेलात केतकी, जुई, चाफा, बकुळ यांसारखी सुगंधी फुले, कापूर आणि चंदन घालून बडा ओडिया मठात ते सिद्ध होते आणि मातीच्या भांड्यांत भरून वर्षभर जमिनीत पुरून ठेवतात. या निवडीत किती विवेक आहे! इतके दिवस मुरवायचे तर खवट न होणारे तेल हवे, आणि तिळाच्या तेलात खवटपणाला रोखणारे द्रव्य निसर्गतःच असते; त्यात जमिनीखालचा अंधार आणि गारवा. तिळाचे तेल पुरते वाळत नाही, पण मूर्तीच्या अंगावर रेशमी वस्त्राच्या पट्ट्यांबरोबर राळेचाही थर असतो, आणि राळ त्याला घट्टपणा देते. मूळचे लाकूडही असे निवडले आहे की ज्याला कीड सहसा शिवत नाही.

इतक्या काळजीने जपलेला तो देह पुरीकर मोडतात. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवकलेवर होते. गेल्या शतकाच्या मध्यापासूनचे १९५०, १९६९, १९७७, १९९६ आणि अलीकडचे २०१५. नव्या निंबाचा शोध घेतला जातो, नव्या मूर्ती घडतात, मध्यरात्री डोळ्यांवर पट्टी आणि हातांना वस्त्र बांधून वृद्ध दैतापती जुन्या देहातील ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवतात, जुने देह कोइली वैकुंठ नावाच्या जागी भूमीत ठेवले जातात, आणि दैतापती घरचे माणूस गेल्याप्रमाणे सुतक पाळतात. अधिक आषाढ कधी येणार हे पंचांग जाणणाऱ्याला कितीतरी आधी ठाऊक असते. म्हणजे ज्या देहाचा अंत पुढच्या वर्षी ठरलेला आहे त्यालाही आदल्या अणसरात तेल चोळले जाते, आणि चोळणाऱ्याला तो अंत माहीत असतो. जपानात इसे येथे दर वीस वर्षांनी मंदिर नव्याने बांधतात आणि तेथील लाकूड उघडेच ठेवतात. नवीकरणावरची ती निष्ठा आदरणीय आहे, पण पुरीचा मार्ग मला अधिक पूर्ण वाटतो, कारण तेथे रक्षण आणि विसर्जन ही दोन्ही कर्मे त्याच हातांकडे नेमून दिलेली आहेत. देह नश्वर आहे या ज्ञानाने शुश्रूषा सैल पडली नाही, आणि शुश्रूषेच्या मायेने विसर्जनाला मुदतवाढ मागितली नाही.

येथे संन्यासमार्गी माणसाचा आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. आचार्यांच्या परंपरेचे गोवर्धन पीठ याच पुरीत आहे, आणि तेथला एखादा यती मला विचारील की, जे नश्वर म्हणून ओळखले त्याच्या अंगाला तेल चोळीत बसणे ही आसक्ती नव्हे तर काय? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात या आक्षेपाला दिलेले उत्तर मराठी वाचकाला परिचित आहे: ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, ते लोकसंग्रहासाठी निष्काम बुद्धीने करावयाचे असते. त्या उत्तराचा मी ऋणी आहे. परंतु दाराला, देव्हाऱ्याला तेल लावण्याचे कर्म लोकसंग्रहाच्या विशाल कल्पनेत कोठे तरी हरवते असे मला वाटते. त्याचा उगम अधिक जवळ आणि अधिक अडचणीच्या जागी आहे.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, पाटावरवंटा, केरसुणी, उखळमुसळ आणि पाण्याचा घडा. ही पाचही साधने निरुपद्रवी दिसतात, परंतु त्यांच्या रोजच्या वापरात न कळत जीव मरतात. त्या पापाच्या निष्कृतीसाठी गृहस्थाने रोज पंचमहायज्ञ करावेत, असा तेथील विधी आहे. या विचाराचे मोठेपण मला असे वाटते की, नित्यकर्माचे मूळ तेथे कोणत्याही आदेशापेक्षा आपल्या जगण्याने अपरिहार्यपणे होणाऱ्या हानीत दाखविले आहे. आपण हानी रोज करतो, म्हणून भरपाईही रोजची. त्या यादीत कुऱ्हाड नाही. ती असावयास हवी होती असे म्हणण्याचे धार्ष्ट्य मी करतो, कारण वराहमिहिराने ती उणीव दुसऱ्या ठिकाणी भरून काढलेली दिसते. प्रतिमेसाठी वनात जाऊन लाकूड आणावयाचे तर काय करावे, हे सांगताना तो म्हणतो की, रात्री त्या वृक्षाची पूजा करावी, त्याच्यावर वस्ती करून असलेल्या भूतांना बळी देऊन दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, आणि दुसऱ्या दिवशी मध आणि तूप माखलेल्या कुऱ्हाडीने तो तोडावा. मध आणि तूप माखल्याने घाव हलका होत नाही. पण तोडणाऱ्याला त्या क्षणी एवढे कबूल करावे लागते की, आपण येथे मालक म्हणून आलेलो नाही, कोणाची तरी चालू वहिवाट मोडीत आहोत.

माझ्या समजुतीने लाकडाला लावलेले पहिले तेल हे त्या कुऱ्हाडीला माखलेल्या तुपाचेच पुढचे अंग आहे, आणि दरवर्षीचे तेल हे त्या कबुलीचे नूतनीकरण. साग पक्व व्हायला साठसत्तर वर्षे लागतात. तेवढे आयुष्य आपण एका दुपारी थांबविले, तर त्याच्या उरलेल्या देहाची देखभाल करणे हे आपल्याकडे आले, आपण ते मागून घेतले नाही म्हणून काही सुटत नाही. ही आसक्ती असती तर आपण देह राखण्याच्या नादात कोटी वर्षांचे लेप शोधीत बसलो असतो. ही विरक्तीही नव्हे, कारण विरक्ताला देणे नसते, आणि आपल्यावर आहे. आत्मा क्रियेचा विषय नाही हे आचार्यांचे म्हणणे येथे कोठेच बाधित होत नाही. ज्याला क्रियेची गरज नाही त्याला ती करू नये, आणि ज्याचे आपण क्रियेने नुकसान केले त्याला ती चुकवू नये, एवढाच याचा आशय.

यातून व्यवहारात काही गोष्टी निघतात आणि त्या मी गंभीरपणे मांडतो. ज्या लाकडाकडे वर्षातून एकदाही हात जाणार नाही, ते लाकूड घरात आणू नये. उन्हापावसातल्या सागाच्या दाराला उकळलेले अळशीचे तेल, थोड्या टर्पेंटाईनने पातळ करून, फाल्गुन चैत्राच्या कोरड्या हवेत द्यावे. उंबऱ्याकडच्या कडेला, जेथे नळ्यांची तोंडे उघडी असतात, तेथे ते पिईल तितके पाजावे, आणि अर्ध्या तासाने वर राहिलेले कोरड्या फडक्याने पुसून काढावे, नाही तर ते चिकट होऊन धूळ धरते. देव्हाऱ्याला, जेथे दिव्याची काजळी आणि निरांजनाची ऊब रोजची, तेथेही अळशीचेच, पण अगदी पातळ हात, आणि आधी काजळी पुसल्याशिवाय नाही. बंद कपाटाच्या आत अळशीचे तेल लावू नये. उजेडावाचून ते पिवळे पडत जाते आणि वास धरून राहते. पोळपाट लाटण्याला खोबरेल चालते, कारण ते रोज धुतले जाते आणि रोज पुन्हा लावता येते. उकळलेल्या तेलाविषयी मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे: ते लवकर वाळावे म्हणून पूर्वी त्यात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे भस्म, घालीत, आणि आजही डब्यात कोणते धातू घातले आहेत ते वाचल्याशिवाय, विचारल्याशिवाय ते घरात आणू नये, दाराला एक वेळ चालेल, पण पाळण्याच्या कठड्याला तान्हे मूल तोंड लावते, म्हणून तेथे घाण्याचे कच्चे तेलच लावावे, मग ते वाळायला पंधरवडा लागला तरी चालेल.